मुसलमान पात्रे आणि मराठी प्रेक्षकाचा कान

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्यातील पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. येथील नदीकाठच्या भुईकोटाचे नाव सुभानमंगळ. ह्या नावाचे पूर्वपद अरबीतून आलेले आणि उत्तरपद संस्कृत. परंतु हा जोड शिरवळकराच्या जिभेला कधी जोड म्हणून जाणवला असेल असे वाटत नाही. सुभानराव हे नाव मराठा घराण्यांतून चालत आले, त्याचा सुभान्या झाला, आणि तो शब्द मुळात कोठला ह्याची चौकशी कोणी केली नाही. १६४८ साली विजापूरचा सरदार फत्तेखान शिवाजीमहाराजांवर चालून आला, तेव्हा शिरवळ हस्तगत करण्यासाठी त्याने बाळाजी हैबतरावाला पाठविले. महाराजांकडून कोट परत घेण्यास जे गेले त्यांत कावजी मल्हार प्रमुख होता. परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग आला आहे. म्हणजे सुभानमंगळच्या तटापाशी आदिलशाही फौजेचा म्होरक्या जो होता तो हैबतराव होता, खान नव्हता. आणि तटाच्या आतून व बाहेरून एकमेकांना दिलेली आव्हाने बहुधा एकाच मराठीत दिली गेली असावीत.

हा प्रसंग आजच्या ऐतिहासिक मालिकेत यावयाचा झाला तर हैबतरावाच्या तोंडी कोणती भाषा घालावी हा प्रश्न संवादलेखकाला पडल्यावाचून राहणार नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी दूरचित्रवाणीवर व चित्रपटांत एक संकेत हळूहळू दृढ झाला आहे. स्वराज्याची माणसे संस्कृतप्रचुर, घासूनपुसून काढलेली मराठी बोलतात आणि विजापूरची वा दिल्लीची माणसे उर्दूमिश्रित हिंदी. प्रेक्षकाला हा संकेत इतका अंगवळणी पडला आहे की, पात्र पडद्यावर दिसण्यापूर्वी त्याचा आवाज जरी कानी आला तरी ते कोणत्या पक्षाचे, आणि म्हणून कोणत्या धर्माचे, हे त्याला कळते. मुसलमान पात्रांविषयी मराठी प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेचा विचार सामान्यतः कथानकाच्या अंगाने केला जातो. पात्र दुष्ट दाखविले की सुष्ट, इतिहासाला धरून दाखविले की सोडून, असे प्रश्न विचारले जातात. परंतु प्रेक्षकाचा निर्णय त्याच्याही आधी लागलेला असतो, आणि तो कानाने लावलेला असतो. ह्या कानाची घडण कशी झाली हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सतराव्या शतकातील वस्तुस्थिती ह्या संकेताच्या अगदी उलट होती. वि. का. राजवाडे ह्यांनी तीन निरनिराळ्या काळांतील पत्रांतील शब्दांची मोजदाद केली, ती प्रसिद्धच आहे. १६२८ च्या पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास, १६७७ मध्ये साठाच्या थोडे वर, आणि १७२८ मध्ये नव्वदाच्याही पुढे. एकेका पत्रावरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा की नाही ह्याविषयी भाषाभ्यासकाने साशंक असावे हे खरे. तरी दिशा चुकीची नाही. राज्याभिषेकानंतर राजव्यवहारकोश तयार करण्याची गरज भासली ती ह्यामुळेच. त्यात चौदाशेच्या आसपास यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. पर्याय द्यावे लागले ह्याचाच अर्थ असा की, ते शब्द महाराजांच्या स्वतःच्या कचेरीत आणि छावणीत रोजच्या वापरात होते. मालिकेतील मावळा महाराजांपुढे वाकून ‘मुजरा’ म्हणतो तो शब्द अरबी आहे. ज्या किल्ल्याच्या बुरुजावर तो उभा असतो तो किल्लाही अरबी, बुरूजही अरबी. तोफ तुर्कीतून आलेली, जिरेटोपातील ‘जिरे’ फारसीतून. संवादलेखकाने शत्रूची भाषा म्हणून जी वेगळी काढून ठेवली तिच्यावाचून त्याच्या नायकाला शस्त्र उचलता येत नाही. १९२५ साली प्रसिद्ध झालेला माधवराव पटवर्धनांचा फार्सी-मराठी कोश कोठेही उघडला तरी हेच दिसेल.

उलट बाजूनेही तेच. आदिलशाहीत गावगाड्याशी होणारा व्यवहार मराठीतून चालत असे. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने दफ्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली असे फिरिश्ता सांगतो, आणि दुसऱ्या इब्राहिमाने आपल्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये सरस्वती-गणेशाला आवाहन केले ते दख्खनीत. अफझलखान हा काही वर्षे वाईचा सुभेदार होता. वाई शिरवळहून काही फार लांब नाही. वाईच्या देशमुख-देशपांड्यांशी ज्याला वर्षानुवर्षे वसुलाचा हिशेब घालावयाचा होता त्याला मराठी कळत नव्हती अशी कल्पना करणे कठीण आहे. आणि त्याच्या तोंडी आज जी उर्दू घातली जाते तिचे नावच मुळी भाषावाचक म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. औरंगजेबाच्या दरबाराची भाषा फारसी होती. मालिकेतील औरंगजेबाची भाषा ही लखनौची नाही, दिल्लीची नाही आणि विजापूरची तर नाहीच. ती मुंबईच्या हिंदी चित्रपटव्यवसायाने आपल्या सोयीसाठी घडविलेली भाषा आहे.

जुन्या वाङ्मयात हा भेद असा नव्हता. सभासदाची बखर १६९७ ची. तिच्यात अफझलखान बोलतो, महाराज बोलतात, वकील बोलतात, आणि सगळे एकाच मराठीत बोलतात. कारण सांगणाऱ्याची मराठीच फारसी शब्दांनी इतकी भरलेली आहे की, खानासाठी निराळा रंग वापरण्याची त्याला आवश्यकता वाटत नाही. शत्रुत्व कृतीने दाखविले जाते, उच्चाराने नव्हे. त्याहूनही चमत्कारिक गोष्ट अशी की, मराठ्यांच्या इतिहासात शाळकरी पोरालाही पाठ असलेले जे एक हिंदी वाक्य आहे ते कोणा खानाचे नव्हे. १७६० च्या जानेवारीत बुराडीच्या घाटावर मरणोन्मुख पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचे म्हणून ते परंपरेने सांगितले जाते. ते हिंदीत आहे म्हणून कोणाला ते परके वाटलेले नाही.

रंगभूमीने काही काळ हीच वाट धरली होती. वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) ह्या नाटकातील प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब गाजला. मराठी नटाने मराठी प्रेक्षकांपुढे उभा केलेला तो औरंगजेब होता. प्रेक्षक त्याचा द्वेष करीत, आणि त्याच वेळी त्याच्या थंड बुद्धीला, त्याच्या थकव्याला, त्याच्या संशयी एकाकीपणाला दाद देत. आपल्याच भाषेत जो युक्तिवाद करतो त्याचा युक्तिवाद ऐकून घ्यावा लागतो, हे ह्या दुहेरी प्रतिसादाचे एक कारण असावे. भाषा समान असली की, द्वेष करतानाही समजून घेण्याचे श्रम टळत नाहीत.

नंतरच्या पडद्यावर निवड करण्याची रीतच बदलली. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७–२०२०) ह्या मालिकेत संभाजीराजांची भूमिका अमोल कोल्हे ह्यांनी केली आणि औरंगजेबाची अमित बेहेल ह्यांनी. ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) मध्ये शाएस्ताखान झाले ते अनुप सोनी. ‘शेर शिवराज’ (२०२२) मध्ये अफझलखान झाले मुकेश ऋषी. तिघेही हिंदी पडद्यावरून आलेले. त्यांच्या अभिनयाविषयी येथे काहीच तक्रार नाही. अमित बेहेल ह्यांचे काम तर उत्तमच होते. परंतु मुसलमान पात्र म्हटले की मराठीबाहेरचा नट आणावयाचा, ही जी सवय पडली तिचा परिणाम प्रेक्षकावर कसा होतो हे पाहण्याजोगे आहे. प्रेक्षक अशा नटाची स्तुती करताना त्याच्या भाषेच्या अस्सलपणाची स्तुती करतो. ‘ख’ आणि ‘क’ कंठाच्या तळातून आला, ‘ज’ला योग्य ठिकाणी ‘झ’चा स्पर्श झाला, की पात्र खरे उतरले असे तो मानतो. जी भाषा मूळ व्यक्तीने कधी बोललेलीच नसावी तिच्या अचूकतेला अस्सलपणाचे प्रशस्तिपत्र मिळते, आणि त्याच वेळी मुसलमान म्हणजे ही भाषा बोलणारा, हे समीकरण पक्के होते. स्तुतीनेच ते होते. निंदेची त्याला गरज पडत नाही.

एक लहानसा उच्चार येथे नोंदण्याजोगा आहे. पडद्यावरचे सगळे खान महाराजांना ‘सिवा’ म्हणतात. फारसी तवारिखांत हे नाव सकाराने लिहिलेले आढळते हे खरे, तेव्हा संकेताला कागदी आधार आहे. परंतु तोच खान ‘शहेनशाह’ आणि ‘शिकस्त’ हे शब्द अत्यंत शुद्ध शकाराने उच्चारतो. ज्याला शकार येतो तो हे एकच नाव सकाराने म्हणतो, तेव्हा प्रेक्षकाच्या कानी तो उच्चारभेद राहत नाही, अवमान होतो. प्रेक्षागृहात ह्या एका अक्षरावर चुळबूळ होते. आणि ह्याचे उत्तर मराठीने आपल्या व्याकरणातूनच दिले आहे: ‘औरंग्या’.

ह्या ‘-या’ प्रत्ययाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. नाव आखडून त्याला ‘-या’ लावणे ही मराठीची जुनी खोड आहे: गणपतचा गण्या, प्रशांतचा परश्या, सुभानचा सुभान्या. व्याकरणकार त्याला लघुत्वदर्शक वा तुच्छतादर्शक म्हणून मोकळे होतात; परंतु प्रत्ययाचा अर्थ प्रत्ययात नसून बोलणारा व ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो ह्यांच्या अंतरात असतो. समोर उभ्या असलेल्या, आपल्या बरोबरीच्या वा धाकट्या माणसाला ‘गण्या’ म्हटले तर ती सलगी. जो समोर नाही, जो कधी समोर येणारही नाही, त्याला तेच म्हटले तर तो तिरस्कार. ‘औरंग्या’ व ‘अफझल्या’ ही रूपे दुसऱ्या प्रकारची. वक्त्याच्या व्यासपीठावरून, पोवाड्यातून, मिरवणुकीतून ती प्रेक्षकाच्या तोंडी बसली, आणि मालिका पाहताना तो ती सहज उच्चारतो. तीन शतकांपूर्वी मेलेल्या बादशहाबद्दल कोणाला आदर वाटावा असा आग्रह धरण्याचे काही कारण नाही. ज्याने संभाजीराजांचे हाल करून त्यांना मारविले त्याच्याविषयी मराठी मनात राग असावा हे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच की, ह्या प्रत्ययाचा दुसरा, सलगीचा उपयोग मराठी पडद्यावरील मुसलमान पात्राच्या वाट्याला कधी येतो का?

तो आला आहे, आणि ते उदाहरण मोठे बोलके आहे. नागराज मंजुळे ह्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील परश्याचे दोन सोबती म्हणजे लंगड्या आणि सल्या. सल्या म्हणजे सलीम शेख. भूमिका अरबाज शेख ह्यांची. त्या चित्रपटावर महाराष्ट्रात जेवढी चर्चा झाली तेवढी क्वचितच कोणत्या मराठी चित्रपटावर झाली असेल. जातीवर तर ती अहोरात्र झाली. परंतु सल्या मुसलमान आहे ह्या गोष्टीकडे प्रेक्षकाचे लक्ष गेले असे दिसत नाही. आवडला तो परश्याचा मित्र म्हणून, करमाळ्याकडची बोली बोलणारे एक हजरजबाबी पोर म्हणून. गुणगान झाले ते मैत्रीचे. अरबी ‘सलीम’ला मराठी ‘-या’ लागला, आणि कानाने त्याला आपल्यात घेतले. पुढचा तपास केलाच नाही. एका प्रत्ययाने जे साधले ते सलोख्याच्या उपदेशपर प्रवेशांनी साधले असते असे वाटत नाही.

मात्र ह्या उदाहरणावर फार विसंबून चालणार नाही. सल्याचे मुसलमान असणे कथेत कोठेच आड येत नाही, म्हणून प्रेक्षकालाही ते आड येत नाही. आणि जे कधी आड येत नाही त्याची परीक्षाही होत नाही. मैत्रीत विरघळलेला सल्या प्रेक्षकाने स्वीकारला. घरी आईशी दख्खनीत बोलणारा सल्या त्याने त्याच सहजतेने स्वीकारला असता की त्याच्या कानातली ऐतिहासिक मालिका जागी झाली असती, हे सांगता येत नाही.

सातारा-सांगलीकडचा मुसलमान दोन्ही बोलतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार, मुजावर, बागवान, पिंजारी ही आडनावेच त्याचा गावगाड्यातील धंदा सांगतात. मुलाणी तर काही याद्यांत बलुतेदारांत, काहींत अलुतेदारांत गणलेला आहे. जत्रेच्या बकऱ्यावर सुरी फिरविण्याचा मान त्याचा, आणि देव हिंदूंचा. सांगली जिल्ह्यातील कडेगावच्या मोहरमात हिंदू मानकऱ्यांचेही ताबूत असतात. अशा गावातला मुसलमान बाजारात, शेतावर, शाळेत मराठी बोलतो आणि ती मराठी शेजाऱ्याच्या मराठीहून वेगळी काढता येत नाही. घरात तो बोलतो ती दख्खनी. ह्या दख्खनीत ‘नको’चे ‘नक्को’ आहे. अवधारणाचा ‘च’ आहे, जो उत्तरेकडच्या कोणत्याही हिंदीत नाही आणि मराठीत पावलोपावली आहे. ‘लोगां’, ‘बातां’ अशी तिची अनेकवचने लखनौला हसू आणतील. मराठीच्या शेजाराने घडलेली ही भाषा आहे. पडद्यावरील खानाच्या भाषेशी तिचे नाते नावापुरते आहे, परंतु एस.टी.त शेजारच्या बाकावर कोणी बाई आपल्या पोराला दख्खनीत दटावीत असली तर मालिकेने घडविलेला कान तिचे नाते बाळाजी हैबतरावाच्या गावाशी जोडील की औरंगजेबाच्या छावणीशी?

प्रश्न केवळ रसिकतेचा नाही, हे ह्याच भागातील एका घटनेने दाखविले आहे. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत अफझलखानवधाचे चित्र असलेली कमान उभारली गेली, तीवरून वाद पेटला, दंगल झाली, संचारबंदी लागली, मिरज-सांगलीसह इचलकरंजीपर्यंत विसर्जने खोळंबली. हे तेच मिरज, जेथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँच्या स्मृतीचे गाणे होते आणि जेथील सतारमेकर घराण्यांची वाद्ये देशभर जातात. चित्राला भाषा नसते. तरी पाहणाऱ्याने आपापल्या कानातली भाषा त्यात घातली. १६५९ च्या एका आदिलशाही सरदाराचे चित्र २००९ च्या शेजाऱ्याचे चित्र म्हणून पाहिले गेले. एका बाजूने ते तसे दाखविले आणि दुसऱ्या बाजूने ते तसे स्वीकारले. ह्या दोन्ही चुका एकाच समीकरणातून निघाल्या, मग त्यांचे माप सारखे असो वा नसो.

‘छावा’ ह्या हिंदी चित्रपटाचे उदाहरण थोडे निराळे आहे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आलेला, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट. त्यात मराठेही हिंदी बोलतात आणि मोगलही हिंदी बोलतात. भाषेची सीमा नाहीशी झाली की भेद रंगाने, प्रकाशाने, वेषाने आणि मराठ्यांच्या हिंदीत पेरलेल्या मराठी शब्दांनी करावा लागतो. अक्षय खन्नांच्या औरंगजेबाला प्रेक्षकांनी मनापासून वाखाणले. आणि तेच प्रेक्षक चित्रपटगृहातून रडत, घोषणा देत बाहेर पडले; भडोचला तर एकाने संभाजीराजांच्या छळाच्या दृश्यात पडदाच फाडला. बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी मोगली मोहरांच्या आशेने लोक रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन शेते उकरीत होते. ही वार्ता हसण्यावारी नेली गेली, पण पडद्याला नकाशा समजणारा हा प्रेक्षक आणि पडदा फाडणारा प्रेक्षक ह्यांत फरक थोडाच आहे. औरंगजेबाच्या कबरीवरून १७ मार्च रोजी नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा ह्या चित्रपटाने औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला असल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केला. चित्रपटाला हिंसाचाराचे कारण ठरविणे वाङ्मयसमीक्षेच्या अधिकारात बसत नाही. परंतु पणशीकरांच्या औरंगजेबाचा द्वेष नाट्यगृहाच्या दारातच संपत असे. तो रस्त्यावर येण्याइतका लांब आता का चालतो, हे विचारणे मात्र तिच्या अधिकारात बसते.

खलपात्राबरोबर दुसरा एक साचा मराठी प्रेक्षकाच्या आवडीचा आहे, तो म्हणजे निष्ठावंत मुसलमानाचा. आग्र्याच्या प्रसंगातील मदारी मेहतर हे त्याचे सर्वांत लाडके रूप. समकालीन कागदांत ह्या मदारीला आधार दाखविता येत नाही. तरी त्याच्यावाचून आग्र्याची कथा प्रेक्षकाला अपुरी वाटते. पानिपताच्या कथेत हेच स्थान इब्राहिमखान गारद्याला मिळाले. त्याला मात्र इतिहासाचा भक्कम आधार आहे. ह्या पात्रांवरचे प्रेक्षकांचे प्रेम खोटे नाही. पण ते सशर्त आहे. त्या पात्राने प्रत्येक प्रवेशात आपली निष्ठा नव्याने सिद्ध करावी लागते. बाजी प्रभूला ती एकदाच सिद्ध करावी लागते. ह्या साच्यात न बसणारी माणसे पडद्यावर क्वचितच येतात. सिद्दी हिलालच घ्या. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तो फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर हा चालून गेला, आणि त्या लढाईत त्याचा मुलगा वाहवाह शत्रूच्या हाती पडला. वेढा घालणारा सिद्दी, वेढा फोडू पाहणाराही सिद्दी. महाराजांचा फारसीनवीस काजी हैदर पुढे मोगलांकडे गेला आणि तेथे मोठ्या पदाला चढला. त्याला निष्ठावंत म्हणता येत नाही आणि दुष्टही म्हणता येत नाही. सतराव्या शतकातील चाकरीपेशाचे, दोन्हीकडच्या कित्येक मराठा सरदारांसारखेच, ते एक माणूस होते. अशा माणसाचे काय करावे हे संवादलेखकाला कळत नाही, कारण प्रेक्षकाला ते पूर्वी कधी ऐकविलेले नाही.

कौटुंबिक मालिकांत तर मुसलमान पात्र अपवादानेच येते. सासू-सुनांच्या ह्या मराठी जगात शेजारी मुलाणी राहत नाही, आतारणीकडून बांगड्या भरल्या जात नाहीत. ह्या अभावावर प्रेक्षक प्रतिक्रिया देत नाही, कारण जे नाही त्यावर प्रतिक्रिया कशी द्यावयाची? पण ह्या मालिका मुसलमान घरांतूनही पाहिल्या जातात, आणि तेथील प्रेक्षकाला स्वतःचे रूप दाखविणारा पडदा एकच उरतो, ऐतिहासिक मालिकेचा. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले त्यामागे हीच तक्रार वाङ्मयाच्या क्षेत्रात होती: मराठीत लिहिणारा-बोलणारा मुसलमान मराठी पुस्तकात सापडत नाही. हमीद दलवाई ह्यांच्या ‘इंधन’ (१९६५) मध्ये कोकणातला मुसलमान गाव आहे, त्याचे रागलोभ आहेत, त्याची भांडणे आहेत. त्याला साठ वर्षे झाली. दूरचित्रवाणीने ती वाट अद्याप गंभीरपणे धरलेली नाही.

ह्या सगळ्याच्या आधी मराठी पडद्याने एक प्रयोग करून पाहिला होता. प्रभातचा ‘शेजारी’ १९४१ सालचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, लेखन विश्राम बेडेकरांचे. जीवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी. धरण बांधणाऱ्या कंपनीला गावची जमीन हवी असते, त्यासाठी ह्या दोघांत फूट पाडली जाते, आणि धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांजवळ मरतात. जीवबा केशवराव दात्यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. ह्याच कथेच्या हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू ठाकूर झाले मझहरखान. हिंदू नटाने मुसलमान व्हावे आणि मुसलमान नटाने हिंदू, ही योजना त्या काळी हेतुपुरस्सर केलेली होती. तिचे महत्त्व केवळ सद्भावनेचे नाही. तिने प्रेक्षकाच्या कानावरचा भरवसा काढून घेतला. कोण कोणत्या घरात जन्मला हे आवाजावरून ओळखावयाचे नाही, असे तिने प्रेक्षकाला पहिल्याच प्रवेशात बजावले. आणि कलहाचे कारण तिने धर्मात न शोधता जमिनीत शोधले, हे तर नीरेच्या खोऱ्यातल्या, भाटघर-वीर धरणांच्या पाण्यावर आणि त्यांखाली गेलेल्या जमिनींवर वाढलेल्या प्रेक्षकाला अधिकच जवळचे वाटावे.

दख्खनीचा उपयोग करून पाहावा अशी सूचना ह्या संदर्भात पुढे येऊ शकते. फत्तेखान वा अफझलखान ‘नक्को’ म्हणाला, आपल्या माणसांना ‘ऐसाच करो’ म्हणाला, तर इतिहासाच्या दृष्टीने ते आजच्या उर्दूपेक्षा कितीतरी अधिक खरे ठरेल. अडचण एवढीच की, प्रेक्षक हसेल. हिंदी चित्रपटाने दख्खनीला विनोदी नोकराच्या तोंडी बसवून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि तेव्हापासून ‘नक्को’ कानी पडला की खान राहत नाही, हैदराबादी गंमत होते. भीती घालावयाची तर लखनौ लागते आणि हसवावयाचे तर हैदराबाद. ह्या दोहोंच्या मध्ये विजापूर होते, वाई होती, शिरवळही होते, आणि तेथल्या माणसांना एकमेकांशी लढताना व वाटाघाटी करताना दुभाष्याची फारशी गरज पडत नव्हती. सुभानमंगळच्या प्रसंगासाठी संवाद लिहू पाहणाऱ्याला बाळाजी हैबतरावाची भाषा ठरविणे तसे सोपे आहे; तो मराठी बोलेल. अवघड आहे ते त्याच्या तुकडीतल्या एखाद्या साध्या मुसलमान शिपायाने त्याला दिलेले उत्तर.